मला फक्त बोटाची ऊब कळते

मित्रांनो, पत्र्याची पेटी, पुढे काच, काचेआड काटा आणि बाजूला एक लांब तार, एवढीच मी आहे. आता जुनी झाले. तार बोटाला बांधली की बोट किती ऊबदार आहे ते मी दाखवते. माणूस भ्याला की त्याची बोटे गार पडतात, निवांत झाला की ऊब येते. काट्याकडे बघत माणूस निवांत व्हायला शिकतो. याला बायोफीडबॅक म्हणतात. यापलीकडे मला काही येत नाही.

पण नेब्रास्कातल्या एका लहान गावात मी डुएन हॉस्टेटलरच्या हाती पडले. हा आधी खते विकायचा. मग त्याने पांढरा कोट चढवला आणि जिभेवर साखर ठेवली. "काटा पंचाण्णव फॅरनहाइटवर गेला की कॅन्सरची गाठ आपलं ऐकू लागते," असे तो लोकांना सांगे. गाठीला कान असतात म्हणे! आणि शहाणीसुरती माणसे माना डोलवत.

व्हर्ना कुबिचेकही त्यांतलीच. तिला स्तनाचा कॅन्सर होता. केमोच्या सुईची तिला इतकी धास्ती, की दवाखान्याच्या दारातच उलटी होई. डुएनने मला तिच्या घरी आणून दिले आणि सांगितले, "काटा चढला की केमो हवी कशाला?" तिने दवाखान्यात जाणेच सोडले.

ती दात आवळून निवांत व्हायला बसे. असे कुणी निवांत होते का? बोटे आणखीच गार पडत. मग ती कॉफीचा गरम मग हातात धरी, काटा चढवी आणि डुएनला फोन करी. तो मूर्ख पलीकडून "शाबास!" म्हणे.

एके सकाळी तिची थोरली बहीण आर्लीन तिच्या स्वयंपाकघरात कोलाच भाजत होती. कोलाच म्हणजे त्यांचा सारण भरलेला गोड पाव. बोटाला तार बांधून बसलेल्या व्हर्नाच्या हातातला तो मग तिने पाहिला.

"हे काय गं? कॉफीने कॅन्सर जातो होय?"

"डुएन म्हणतो, काटा चढला की गाठ विरते."

"डुएन? पोटात वारा धरला तर मरतो मरतो म्हणून गाव गोळा करणारा?"

आर्लीनने तार ओढली आणि गरम कोलाचमध्ये खुपसली. माझा काटा टोकाला जाऊन आपटला.

"बघ बाई! हा पाव तर ठणठणीत बरा झाला. रविवारी याला चर्चमध्ये नेऊन आभार मानू!"

व्हर्ना हसली नाही. "मला भीती वाटते गं आर्लीन," ती म्हणाली. "ती सुई दिसली की पळून जावंसं वाटतं."

"मग ही पेटी भीतीसाठी वापर. गाठीचं डॉक्टर बघतील. ऊठ, पेटी बरोबर घे, मी गाडी काढते."

दवाखान्यात नर्सने तार तिच्या बोटाला बांधली. "काट्याशी भांडू नका, नुसतं बघा," ती म्हणाली. दारात एकदा उलटी झालीच होती. पण हळूहळू बोटात ऊब आली, सुई टोचली गेली आणि बाटली संपेपर्यंत व्हर्ना जागची हलली नाही. तिच्या गाठीचे काय झाले ते मला विचारू नका. मला ते कधीच कळत नव्हते.

डुएन आता चुंबकाच्या बांगड्या विकतो. गिऱ्हाईक मिळते त्याला.

मित्रांनो, माझी काच पुसत जा, तार नीट गुंडाळून ठेवा. मला औषधाच्या शेजारी जागा द्या, औषधाची जागा देऊ नका. आणि कुणी मला देव्हाऱ्यात बसवू लागला, तर आधी त्याला दाराबाहेर काढा.