भादव्यातली कोरी पानं

मुक्ताबाई लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी, एकोणीसशे एकोणचाळीस साली, पुण्याच्या एका मंडळाने त्यांच्यावर एक काम सोपवलं. कार्ल्यापासून दोन कोसांवर, इंद्रायणीकाठच्या पिंपळटाके गावचा दवाखाना चालू ठेवावा की बंद करावा, हे सरकारला ठरवायचं होतं. आरोग्य खात्याच्या साहेबांनी 'लोकांना गरज दिसत नाही' असा शेरा मारला होता. म्हणून सरकारने मंडळाकडे खात्याबाहेरच्या माणसाचं मत मागितलं होतं. मुक्ताबाईंचं खात्यात कुणाशी देणंघेणं नव्हतं, आणि स्वभावाने त्या कुणाला बधणाऱ्या नव्हत्या.

दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. एरवी सगळं कंपाउंडर चाँदभाईच बघे. त्याने नोंदवही पुढे ठेवली. बाईंनी ती शांतपणे चाळली. श्रावण-भादव्याची पानं जवळपास कोरी होती.

"चाँदभाई, भादव्यात इथे कुणी आजारीच पडत नाही का?"

"वहीत नोंद न्हाई, बाई," बाटल्या सारख्या करत तो म्हणाला.

तीस वर्षं पोरींची उत्तरं ऐकलेल्या बाईंना कळलं, की विचारलं एक आणि उत्तर आलं दुसऱ्याच गोष्टीचं.

दुसऱ्या दिवशी त्या गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडून पलीकडच्या वाड्यांवर गेल्या. इतर महिन्यांतले बहुतेक रोगी तिथलेच होते. खळ्यावर सरुबाई नावाची बाई शेजारणीबरोबर भात झोडत होती. पावसाळ्यात दवाखान्यात का येत नाही, असं बाईंनी विचारलं.

"कुटं येनार? तवा पानी डोईवरनं जातंय. आन् थंडीताप बी तवाच येतो. औंदा माजी पोर लय पडली व्हती. पर चाँदभाई कोयनेल आनून देत व्हता की!"

शेजारणीने सरुबाईचा पदर ओढला. पण सरुबाई बोलून गेली ते गेलीच.

संध्याकाळी बाईंनी चाँदभाईला सरळ विचारलं. त्यानेही मग लपवलं नाही. तो भोपळ्यांच्या सांगडीवरून पुरातून पलीकडे जात होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध बाहेर न्यायची मनाई होती, म्हणून ती हिवतापावरची कोयनेल त्याने 'ओल लागून खराब' अशी दाखवली होती.

"तुमी हे लिवनार?"

"लिहावं लागेल."

"माजी नोकरी जाईल, बाई."

"जाऊ शकते. नाही लिहिलं तर दवाखाना जाईल."

चाँदभाईने नोंदवही मिटून फळीवर ठेवली. मग म्हणाला, "मग हे बी लिवा. पावसाचे चार म्हयने पलीकडं एक खोली घ्या. मानूस आन् औषध तितंच ऱ्हाऊ द्या."

बाईंनी एक मसुदा त्याचं नाव गाळून लिहिला आणि फाडला. दवाखान्यात कंपाउंडर एकच, नाव गाळून काय लपणार होतं? अहवालात सगळं आलं. त्याला माफी द्यावी, अशी विनंती शेवटी जोडली.

सरकारने दवाखाना ठेवला. पुढच्या पावसाळ्यात पलीकडे खोलीही झाली. माफीची विनंती मात्र मान्य झाली नाही. खोट्या नोंदींबद्दल चाँदभाईची बदली खानदेशात झाली.

त्याच साली आश्विनात पाणी उतरल्यावर मुक्ताबाई ती खोली बघायला गेल्या. ओसरीवर दहा-बारा बायका बसल्या होत्या, त्यांत सरुबाईही होती.

"बाई, त्याचं नाव तुमीच लिवलं व्हय?"

"हो, मीच."

"माज्या तोंडनं काडून घेतलं."

सरुबाईने औषधाची बाटली उचलली, पोरीचा हात धरला आणि ओसरी उतरून निघाली. चार पावलांवर थांबली.

"त्याचा पत्ता हाय का तुमच्याकडं? पोर बरी हाय, एवढं कळवायचं व्हतं."

पत्ता होता. मुक्ताबाईंनी पिशवीतून पोस्टकार्ड काढलं. सरुबाई उभ्यानेच सांगत गेली, आणि त्या एकही शब्द न बदलता लिहीत गेल्या.