श्रीरंगचा बंडू

श्रीरंगला कुत्रा पाळायचा होता, तर जगात दुसरा मिळालाच नाही. याला हवा होता फ्रान्सहून आणवलेला शिकारी कुत्रा, ब्राक द्यु बूरबोने जातीचा. एकोणनव्वद साली अख्ख्या अमेरिकेत असे कुत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. जन्मतःच बिनशेपटीचा, पांढऱ्या अंगावर कॉफी शिंपडल्यासारखे ठिपके. आणि एवढ्या खानदानी फ्रेंच प्राण्याचं नाव काय, तर बंडू!

सुलेखाने नवऱ्याला तेव्हाच बजावलं होतं, "मेलेले पक्षी माझ्या किचनमध्ये आणायचे नाहीत." गेल्या ऑक्टोबरात दर शनिवारी श्रीरंग आणि बंडू शेजारच्या वॉल्टरबरोबर शिकारीला जायचे आणि ती घरी एकटीच धुसफुसत वरणभात खायची. मार्चमध्ये श्रीरंग हार्ट अटॅकने गेला. आता पुन्हा ऑक्टोबर आला, तसा बंडू शनिवार असो नसो, सकाळी उठून दाराशी बसू लागला. तिला ते बघवेना. शेवटी तिने वॉल्टरला सांगितलं, "कायमचा घेऊन जा त्याला. फक्त एकदा मला त्याचं काम बघू दे."

ॲन आर्बर गावाच्या बाहेर, ओल्या झुडपांत बंडू एकाएकी थबकला. एक पाय उचललेला, नाक समोर रोखलेलं, कानही हलत नव्हता. नुसतं बघत राहावं असं ते रूप होतं. हेच दाखवायला श्रीरंग तिला इतक्यांदा बोलावत होता आणि ती एकदाही आली नव्हती. तिला स्वतःचाच संताप आला.

पक्षी भुर्रकन उडाला, वॉल्टरची बंदूक वाजली. बंडूने पक्षी अलगद तोंडात धरून आणला, पण वॉल्टरला ओलांडून तो थेट श्रीरंगच्या गाडीपाशी गेला आणि ड्रायव्हरच्या दाराशी उभा राहिला.

"ड्रॉप! ड्रॉप इट!" वॉल्टर सांगून थकला. बंडू ढिम्म.

"श्रीरंग त्याला तुमच्या भाषेत काहीतरी म्हणायचा," वॉल्टर हताश होऊन म्हणाला.

सुलेखा चिखलात गुडघे टेकून बसली. जन्मात मांसाला न लागलेला हात तिने पुढे केला.

"दे रे बाळा."

लेक फोनवर इंग्लिशच बोलायची. सात महिन्यांत सुलेखा घरात कुणाशी मराठीत एक शब्दही बोलली नव्हती.

बंडूने ऊन ऊन पक्षी तिच्या तळहातावर ठेवला. तिला रडू कोसळलं. श्रीरंग हवा होता, आत्ता, इथे.

बऱ्याच वेळाने तिने बाहीने डोळे पुसले. "सॉरी वॉल्टर, हा माझ्याकडेच राहील," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी किती वाजता निघायचं?"