दारावरची नदी

"शाळेत आज तुमचं घर वाहून गेलं म्हणे, खाला," तंदूरमधून रोट्या काढता काढता मोहिरा म्हणाली आणि फिस्सकन हसली.

अंझुरात खालाला हसू आलं नाही. शेजारणीकडून असल्या बातम्या ऐकायच्या म्हणजे जखमेवर मीठ. "कुणी वाहवलं?" तिने विचारलं.

"शोदमोन मुअल्लिमने. जुनं दार आडवं टाकलंय, त्यावर नदीची वाळू. किटलीने पाणी ओततो आणि पोरांना सांगतो, ही झरफशान. जर्दाळूच्या बिया म्हणजे आपली घरं. तुमची बी म्हणे सगळ्यात आधी गेली."

"बरी गेली माझीच!"

अंझुरातचा माणसांवर चटकन विश्वास बसत नसे, आणि त्यात तिला काही चुकीचंही वाटत नसे. हा मास्तर पंजकेंतहून नेमणुकीवर आलेला, बोलायला गोड, पण जन्म नदीपलीकडचा. पलीकडचा माणूस अलीकडे येऊन फुकट वाळूत हात घालतो? आणि तेही नेमकं आत्ता, हशर तोंडावर आला असताना?

दर वसंतात, बर्फ वितळायच्या आधी, सरबाग गावची माणसं हशरला, म्हणजे बिनमजुरीच्या कामाला, एकत्र येत आणि काठावर तिकट्या उभ्या करत. तीन ओंडके वर एकत्र बांधायचे, पोटात दगड आणि झुडपं भरायची, की नदीचा मार काठाला बसत नाही. या तिकट्या अंझुरातच्या जर्दाळूच्या बागेसमोरच लागत. तिचा नवरा गावचा पाटकरी होता. त्याने जागा ठरवली, त्याच्या मागेही तीच राहिली. बागेवरच तिचं घर चाले. आणि हा मास्तर नेमत अरबाबला, गावच्या प्रमुखाला, पटवत होता की यंदा तिकट्या तिथे नकोत, वर तुतीच्या वळणावर लावा.

"माझा काठ उघडा टाकायचा आणि पलीकडच्यांचा वाचवायचा," ती मोहिराला म्हणाली. "आंधळ्यालाही दिसेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाळवलेल्या जर्दाळूंची पुरचुंडी घेऊन शाळेत गेली. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नाही, मग भांडायला का असेना.

"या, खाला!" शोदमोन हात झटकत उठला. "चहा घ्या."

"घेईन. आधी तुझी नदी दाखव."

तो पाणी ओतायला लागला, तशी अंझुरात त्याच्या हाताकडे बघत राहिली. मनगट वळवतो का? एका बाजूला जास्त ओततो का? काही सापडेना. मग तिने दाराखाली हात घातला आणि बोटांना लाकडाची खुंटी लागली. नेमकी तिच्या बागेच्या बाजूला!

"ही काय रे? पाणी कुठे जायचं ते आधीच ठरवलंयस होय?"

"अंगणाला उतार आहे, खाला. दार समतल व्हावं म्हणून लावलीय."

"असं?" तिने चहाचा प्याला काठोकाठ भरून घेतला आणि दारावर ठेवला. चहा सगळीकडून सारखा काठाला टेकला. खुंटी ओढली, तर एका बाजूने सांडला. तिने खुंटी पुन्हा सरकवली. चूक कबूल करायची मात्र तिची तयारी नव्हती. "वाळू कुठली? खालच्या वळणाची ना? ती भुसभुशीतच. माझ्या काठची माती आण, मग बघू."

"तुम्हीच आणा," तो म्हणाला. "तुम्हीच मांडा. हशरच्या दिवशी, सगळ्यांसमोर. मग जिथे म्हणाल तिथे तिकट्या."

इतक्या सहज कबूल झाला, हे तिला आणखीच खटकलं.

हशरच्या सकाळी पुरुष ओंडके खांद्यावर घेऊनच शाळेच्या अंगणात आले. एकीकडे मोठ्या कढईत पुलाव शिजत होता. अंझुरातने आपल्या काठची माती पाटीभर आणली होती. तिने ती दारावर थापली, गावाचं वळण बोटाने काढलं, आपल्या जागी जर्दाळूची बी रोवली आणि काड्यांच्या तिकट्या तिच्यासमोर उभ्या केल्या, नवरा लावायचा तशाच.

तेवढ्यात शोदमोनने पलीकडच्या काठावर अक्रोडाचं टरफल ठेवलं.

"ते काय ठेवलंस?"

"एक घर, खाला. सांगतो. ओता तुम्ही."

तिने किटली तिरकी केली. पाणी तिच्या काठाकडे धावलं, काड्यांवर आदळलं आणि मागे वळलं. बी जागची हलली नाही.

"बघा!" अंझुरात ओरडली. "बघा, अरबाब! माझा माणूस मूर्ख नव्हता!" लोक हसले, कुणीतरी टाळीही वाजवली. तिच्या छातीवरचा दगडच उतरला.

पण हातातली किटली ओततच होती. काड्यांवरून वळलेलं पाणी सरळ समोरच्या काठाला जाऊन भिडलं. तिथली माती कुरतडली गेली, एक ढेपूळ सुटलं, आणि अक्रोडाचं टरफल तरंगत निघून गेलं.

हसणं थांबलं. "कुणाचं घर ते?" अंझुरातने विचारलं.

"आमचं," शोदमोन म्हणाला. "मी लहान होतो. आधी अक्रोडाची झाडं गेली, मग गोठा, मग घर."

ते वर्ष अंगणातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला आठवत होतं. देवाची मर्जी, असं म्हणून सगळे हळहळले होते.

"आम्ही रोट्या पाठवल्या होत्या तेव्हा," अंझुरात पुटपुटली.

"आठवतात मला. गरम होत्या."

"आणि तू इतके दिवस गप्प?"

"काय बोलणार? तुमच्या माणसाने आपलं घर वाचवलं. माझ्या बापानेही तेच केलं असतं."

"खरं सांग," तिने किटली खाली ठेवली आणि थेट त्याच्या डोळ्यांत बघितलं. "पहिल्यांदा माझी बी वाहिली, तेव्हा काय वाटलं तुला?"

शोदमोनचे कान लाल झाले.

"बरं वाटलं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? खूप बरं वाटलं. मग त्या रात्री झोप लागली नाही."

"अगं बाई! मी म्हणत नव्हते, याच्या मनात काहीतरी आहे म्हणून!" अंझुरात म्हणाली. पण आवाजातली धार गेली होती. इतके दिवस ती या माणसाच्या पोटात शिरू बघत होती, आणि आता त्याने स्वतःच पोट उघडून दाखवलं होतं. त्याच्यावर विश्वास ठेवायला तिला तेवढं पुरलं.

"अजून ओता, खाला. अर्धंच झालंय."

तिने ओतलं. समोरच्या काठावर आपटलेलं पाणी तिरकं परतलं आणि तिकट्यांच्या खालच्या अंगाने तिच्या बागेच्या पाठीत शिरलं. बी कलली आणि पडली.

"आणि तुतीच्या वळणावर लावल्या तर?" अरबाबने विचारलं.

शोदमोनने काठ पुन्हा थापले, काड्या वर हलवल्या. या खेपेला पाणी वळणाच्या तोंडाशीच मंदावलं आणि मधोमध वाहू लागलं. दोन्ही काठ उभे राहिले. "दारावर उभे राहिले," तो म्हणाला. "खऱ्या नदीत राहतीलच, अशी शपथ मी घेणार नाही. आणि जुन्या तिकट्याही काढाव्या लागतील. त्या राहिल्या तर पाणी फेकतच राहतील."

म्हणजे तिचा काठ साफ उघडा. सगळे तिच्याकडे बघत होते. अंझुरातला आपली झाडं दिसत होती, कळ्या नुकत्या फुगलेल्या.

"ओंडके वर न्या," ती पुरुषांना म्हणाली. "तोंडं काय बघताय? आणि चार जण माझ्याबरोबर चला, जुन्या उपटायला. दोर माझ्या घरचा घ्या."

माणसं उठली. ती शोदमोनजवळ थांबली. "आई कुठे असते तुझी?"

"पंजकेंतला. बहिणीकडे, एका खोलीत."

"तिला सांग, अंझुरातने बोलावलंय. जर्दाळू पिकतील तेव्हा ये म्हणावं. बाग राहिली तर खायला, नाही राहिली तर बघायला."