दूतांचा झोपाळा

मित्रांनो, मी एक जुना झोपाळा आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. अस्सल सागाची फळी आहे माझी, अजून तुमच्या नातवंडांनाही झुलवीन. पण मी साधासुधा झोपाळा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्यावर दोन देशांचे दूत बसत असत. पालघर जिल्ह्यातल्या किती झोपाळ्यांना असं सांगता येईल?

सफाळ्याच्या दादू सुतारानं मला घडवलं. तो बोलायचा कमी आणि रंधा जास्त मारायचा. पितळी कड्या मात्र आमच्या घरमालकीण हेतलबेनच्या सासूबाईंनी माहेराहून आणल्या होत्या. वर तुळईत लोखंडी आकडा ठोकलेला होता. माहेरचं पितळ आणि सासरचं लोखंड, त्यांचं कधी जमलंच नाही. म्हणून मी पहिल्या दिवसापासून करकरतो. तेल घातलं की चार दिवस गप्प, पाचव्या दिवशी पुन्हा सुरू.

हेतलबेनचं घर बोईसरहून तारापूरकडे जाताना पाम गावाच्या अलीकडे होतं. मुलं परदेशी गेली, घर मोठं वाटू लागलं, तेव्हा बाईंनी खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. कारखान्यांत यंत्रं बसवायला येणारे इंजिनियर, तपासणीला येणारे साहेब, सगळे इथेच उतरत. स्वयंपाकाला जमुना होती. ती वरच्या डोंगरातल्या पाड्यावरची. तिच्या हातचं पापलेटाचं कालवण खाऊन भलेभले साहेब मागच्या ओसरीवर माझ्यावर येऊन पेंगत.

योहानसाहेब आणि क्लाराबाई असेच आले. दोघं मुंबईत राहत, दोघं आपापल्या देशाचे दूत. त्यांच्या देशांची नावं मी सांगणार नाही. झोपाळ्यालाही काही इमान असतं. एवढंच सांगतो की ते देश एकमेकांचे जुने मित्र होते आणि दोघांचेही कारखाने बोईसरला होते. त्या कामासाठी ते शनिवारी येत, इथे जेवत आणि मग चिकूच्या झाडांकडे तोंड करून माझ्यावर बसत.

एकदा हेतलबेननं जमुनाला माझ्या आकड्याला तेल घालायला सांगितलं, तर क्लाराबाई घाईनं म्हणाल्या की असू द्या, आम्हाला हा आवाज आवडतो. तेव्हा मला नवल वाटलं. नंतर कळलं, त्या करकरीत त्यांचं बोलणं दाराशी उभ्या माणसालाही ऐकू जात नसे. आयुष्यभर ज्या आवाजासाठी बोलणी खाल्ली, त्याचं कुणीतरी कौतुक केलं होतं. मी दुप्पट जोरानं करकरू लागलो.

ते बोलत आपल्या सरकारबद्दल. होय, आपल्याच. कुठलं खातं सध्या खुशीत आहे, कुठल्या साहेबाच्या मनात काय आहे, कोणती परवानगी मिळेल, कोणती अडेल. पहिल्यांदा मला राग आला. पाहुण्यांनी यजमानाच्या घरातल्या गोष्टी चघळाव्यात, हे काय वागणं झालं? पण ऐकत गेलो तसा राग निवळला. ते कुणाचे कागद चोरत नव्हते की कुणाच्या दाराला कान लावत नव्हते. प्रत्येकाला जे सांगितलं गेलं होतं, तेच एकमेकांशी ताडून पाहत होते. दोन जावा नाही का, सकाळी ओट्यापाशी हळूच सांगतात, आज सासूबाईंचा रंग बरा आहे, माहेरी जायचं आजच विचारून घे! त्यात सासूबाईंचं वाईट चिंतलेलं नसतं. घर नीट चालावं, एवढंच असतं.

आणि त्यांची रीत किती सुरेख होती! एकानं काही सांगितलं की दुसराही काही सांगे; नुसतं घेऊन जायचं नाही. कागदावर काही उतरवायचं नाही. बातमी कुणी दिली, त्याचं नाव सांगायचं नाही आणि दुसऱ्यानं विचारायचंही नाही. ज्यानं विश्वासानं सांगितलं, त्याची भाकर आपल्यामुळे जाऊ नये, म्हणून. योहानसाहेबांची आणखी एक सवय मला फार आवडे. खरोखर ऐकलेली गोष्ट सांगताना ते माझ्या फळीवर बोटानं टकटक करत. नुसता स्वतःचा अंदाज असला की हात हवेत फिरवत. क्लाराबाईंना ती खूण ठाऊक होती. मोठमोठी माणसं ऐकीव गोष्ट आणि मनची गोष्ट अशी सरमिसळ करतात की बोलायची सोय नाही. हा माणूस मात्र मित्राला फसवायचं नाही म्हणून बोटसुद्धा जपून ठेवत होता.

आता त्या शनिवारचं सांगतो, ज्यासाठी मी हे सगळं बोलायला बसलो.

जमुनाच्या पाड्यावर पावसाळा सोडला तर पाणी नाही. भात कापून झालं, दिवाळी सरली की वीटभट्टीच्या मुकादमाचा ट्रक येई आणि पाडा रिकामा होई. पोरंही ट्रकात. शाळेत मास्तर एकटे. क्लाराबाई एकदा जमुनाबरोबर पाड्यावर जाऊन आल्या होत्या, तिच्या चुलीशी बसून नाचणीची भाकर खाऊन आल्या होत्या. त्यांनी योहानसाहेबांना सांगितलं आणि दोन्ही देशांनी मिळून पाड्याच्या ओहोळावर बंधारा बांधून द्यायचं ठरवलं. पाणी थांबलं की मोगरा लावता येईल, आणि मोगरा लावला की भट्टीवर जायला नको. फक्त आपल्या सरकारची परवानगी यायची होती. जमुनाचा नवरा झिपरू मुकादमाला त्या वर्षी 'येतो' म्हणत नव्हता आणि 'नाय येत' असंही म्हणत नव्हता.

दिवाळी सरत आली होती. क्लाराबाई येऊन बसल्या त्या जड बसल्या. म्हणाल्या, "परवानगी मिळणार नाही, असं ऐकलं. आतून नकार ठरलाय."

योहानसाहेबांनी फळीवर टकटक केली. "मीही तेच ऐकलं."

झालं. दोन मित्रांनी दोन वेगवेगळ्या जागी ऐकलं, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांच्या रीतीत एक बातमी म्हणजे अफवा असे आणि दोन म्हणजे खरं. पैसा यंदाच खर्च करायचा होता, तो दुसऱ्या एखाद्या देशात वळवावा, असं दोघं दुःखानं बोलू लागले. मला म्हणावंसं वाटलं, जरा थांबा. पण लाकडाला कोण विचारतो?

तेवढ्यात जमुना चहा आणि चिवडा घेऊन आली. क्लाराबाईंना थोडंथोडं मराठी येत होतं. त्यांनी तिच्यापासून लपवलं नाही. पाणी बहुतेक येणार नाही, असं हळू आवाजात सांगून टाकलं.

जमुनानं ट्रे माझ्या शेजारच्या तिपाईवर ठेवला. कप सरळ केले. मग म्हणाली, "बरा झाला सांगितलात. मंग आज घरी जाऊन झिपरूला सांगते, मुकादमाला हो म्हन. आमी आता तुमच्याच भरवशावर बसलो व्हतो." रडली नाही, चिडली नाही. दाराशी जाऊन रिकामा हात पदराला पुसत उभी राहिली.

मला ते सहन झालं नाही, मित्रांनो. क्लाराबाईंनाही झालं नसावं. त्यांनी चहाला हात लावला नाही. त्या बशीतल्या चिवड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एकाएकी पाय जमिनीला टेकला आणि मी थांबलो. माझा आवाज बंद झाल्यावर ओसरी केवढी शांत असते, हे मला त्या दिवशी कळलं.

"योहान," त्या म्हणाल्या, "नाव विचारत नाही. पण तुला सांगणारा माणूस चहा कसा पितो, तेवढं सांग."

योहानसाहेब गोंधळले. आजवर माझ्यावर बसून असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. उत्तर देणं म्हणजे रीत मोडणं होतं का? त्यांनी कप उचलला आणि तसाच परत ठेवला. मग हळूच म्हणाले, "चहात चिवडा घालतो. चमच्यानं खातो."

"आणि बोलायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतो?"

योहानसाहेबांचं बोट फळीवरून उचललं गेलं. "अरे देवा," ते म्हणाले. "आपल्याकडे दोन बातम्या नाहीतच. एकच आहे."

असा तो पराचा कावळा. एकाच माणसानं दोघांना सांगितलं, दोघांनी एकमेकांना सांगितलं, आणि एका तोंडाची दोन तोंडं झाली. अडाण्याकडून होणारी ही चूक नव्हे. सांगणाऱ्याचं नाव जे प्राणापलीकडे जपतात, त्यांच्याच हातून ती होते. त्यांच्या चांगुलपणातच ती लपून बसली होती. पण क्लाराबाईंनी ती कशी काढली, पाहिलंत? नाव त्यांच्या तोंडून गेलं नाही, योहानसाहेबांच्याही तोंडून गेलं नाही, आणि तरी खरं तेवढं हाती आलं. अशी बुद्धी मी पुन्हा पाहिली नाही.

तो चिवडावाला माणूस वाईट नव्हता. एकेकाळी त्याच खात्यात मोठ्या जागेवर होता. निवृत्त झाल्यावर त्याला कुणी विचारेना. बातमी असली की लोक खुर्ची पुढे करतात, म्हणून तो जुन्या ओळखीवर नव्या बातम्या बेतत असे. हे मला पुढच्या शनिवारी त्यांच्याच बोलण्यातून कळलं. एवढं होऊनही दोघांनी त्याची नालस्ती केली नाही.

मधल्या आठवड्यात त्यांनी एक वेगळंच काम केलं. सरळ त्या खात्यात गेले आणि विचारलं. तिथल्या अधिकारी बाई चकित झाल्या. नकार कोण म्हणालं? फाईल वाट बघत होती, बस्स. गावाच्या ग्रामसभेचा ठराव हवा होता आणि तो आलाच नव्हता. का आला नव्हता? कारण मागच्या खेपेला सभा बोलावली तेव्हा पाडा भट्टीवर गेलेला होता आणि सभेला पुरेशी माणसंच जमली नव्हती.

क्लाराबाईंचा फोन हेतलबेनना आला. हेतलबेननं जमुनाला सगळं समजावून सांगितलं, अगदी चहा-चिवड्यापासून. जमुनानं हातातलं पातेलं तसंच ठेवलं आणि बोईसरच्या नाक्यावर जाऊन जीप धरली.

पुढचं मी पाहिलं नाही, ओसरी झाडता झाडता जमुनानं हेतलबेनना सांगितलं ते ऐकलं. ती पाड्यावर पोचली तेव्हा ट्रक उभा होता. गाठोडी चढली होती. झिपरू ट्रकाच्या मागच्या फाळक्याला धरून वर चढत होता. तिनं त्याला खाली ओढलं नाही. ट्रकासमोर वाटेत बसली आणि म्हणाली, "जायाचा त जा. पन आधी सभा करून जा. तुमी गेलाव त हात कोन वर करील?" मुकादम ओरडला, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. ट्रक तिथेच अडून राहिला आणि सरपंचांना बोलावणं गेलं. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक आले आणि ट्रकाच्या सावलीत सभा झाली, कारण पाड्यावर तेवढी मोठी दुसरी सावली नव्हती. ठराव झाला. त्यानंतरही बरीच माणसं ट्रकात बसलीच. ठरावानं त्याच दिवशी पोट भरत नाही. पण झिपरूनं आपलं गाठोडं उतरवून घेतलं.

बंधारा झाला. पुढच्या वर्षी ट्रक आला तो अर्धा रिकामा गेला.

दूतांचं काय, त्यांच्या बदल्या होतातच. आधी योहानसाहेब गेले, मग क्लाराबाई. जाताना बाईंनी माझ्या कडीवर हात फिरवला. पुढे हेतलबेन मुलांकडे गेल्या आणि घर धीरज नावाच्या तरुणानं विकत घेतलं. मुलगा कष्टाळू, पण त्याला काचेच्या भिंती हव्या होत्या आणि मी नको होतो. मला काढून मागच्या पत्र्याखाली टाकलं. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. ज्या फळीवर दोन देश टकटक करत, तिच्यावर कोंबड्या! मी खूप दिवस कुढलो. मग जमुना आली, धीरजला विचारून मला टेम्पोत घातलं आणि पाड्यावर नेलं.

आता मी तिच्या पडवीत आहे. समोर मोगरा आहे. संध्याकाळी जमुना आणि शेजारची मंजुळा माझ्यावर बसतात, आणि हो, त्याही सरकारबद्दलच बोलतात. परवा मंजुळा म्हणाली की पाड्याचा रस्ता रद्द झाला, सगळी म्हणतात. जमुनाही म्हणाली की तिनंही ऐकलंय. रस्ता नाही म्हणजे मोगऱ्याची फुलं बाजाराला डोक्यावरूनच न्यायची.

आणि मग जमुनानं पाय जमिनीला टेकला.

"सगळी म्हंजे कोन? तुला कोनी सांगला?"

"चिंतूनं."

"मला पन चिंतूनंच." ती उठली, पदर खोचला. "चल, सरपंचालाच इचारू."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. घरात एखादा जुना झोपाळा असेल तर त्याला कोंबड्यांच्या स्वाधीन करू नका. वर्षातून एकदा त्याच्या आकड्याला तेल घाला. पण थोडी करकर राहू द्या, तिच्या आडोशाला माणसं मनातलं बोलतात. आणि माझ्यावर बसून कुणाची बातमी ऐकलीत, तर एकदा पाय टेकवून मला थांबवा. मला राग येत नाही. परवा त्या दोघी तशाच उठून पायवाटेनं निघाल्या, आणि मला वाटलं, क्लाराबाई अजून माझ्यावरून उठलेल्याच नाहीत.