नवरीच्या मागचं ब्लर

माह्या गुडघ्यांले आता लग्नाचा सीझन सोसत नाही. तीस वर्षं झाली, नांदुऱ्यात शूटिंग करून राह्यलो. पहिले लोकाईले सगळे दिसले पाहिजे असत. एखादा मामा फ्रेममधून कापला गेला तर तो दुकानावर भांडाले ये. आता सिनेमासारखं पाहिजे. नवरी चकचकीत, मागचं सगळं ब्लर. म्हणून पंच्याऐंशीची लेन्स घेतली. तिच्यात नवरीची पापणीन् पापणी मोजून घ्या, पण तिच्या मागं दोन हात अंतरावर उभा असलेला माणूस म्हणजे नुसता रंगाचा डाग.

परवा सुचिता आली. वडनेर भोलजीची पोरगी, गेल्या वर्षी तिचं लग्न मीच शूट केलं. तिची आई, वच्छलाबाई, अचानक वारली. तेरवी दोन दिवसांवर, अन् भिंतीवर लावाले फोटो नाही.

"मोबाइलमध्ये असंल की," मी म्हणलो.

"नाही काका. कोणी मोबाइल वर केला का ती पदर आडवा धरे. आधार कार्डावरचा आहे, पण त्यात ती माही आई वाटतच नाही. लग्नात तर असंलच ना?"

असंलच, म्हणलो. नवरीची माय ती, जाते कुठं.

हार्डडिस्क काढून कच्चं शूटिंग लावलं. पाच तास ते पळवून पळवून पाह्यलं, कंबर धरली. हळदीत वच्छलाबाई सापडली, पोरीच्या गालामागं हिरव्या लुगड्याचा नुसता डाग. मंगलाष्टकात डाग. पंगतीत पाठ. एका जागी चेहरा आला, मोठा केला, तर त्याले नाकडोळेच नाहीत.

"हे साफ होत नाही का?"

"नाही बाई. जे टिपलंच नाही ते आणू कुठून?"

मले लेन्सचा राग आला, अन् खरं सांगतो, मेलेल्या बाईचाही आला. स्वतःच्या पोरीचं लग्न, अन् ही मागंमागं काऊन फिरते?

"काका, आवाज लावा ना," सुचिता म्हणाली. "निदान बोलली तर असंल."

कच्च्या शूटिंगचा आवाज आम्ही कधी ऐकत नाही, त्यावर गाणे टाकतो. लावला. हळदीत बायांचा गलका, अन् त्यात कोणीतरी खेकसलं, "ओ ताई, सरका बाजूले, फ्रेममध्ये येऊन राह्यल्या." तो मी होतो.

"हो भाऊ, सरकते," वच्छलाबाई म्हणाली, अन् हिरवा डाग कडेले गेला.

मंगलाष्टकाच्या वेळी पुन्हा मीच. "ताई, मधात नका येऊ." "हो भाऊ." पाठवणीत ती पोरीले जवळ घ्याले आली, तर मी म्हणलो, "जरा थांबा, नवरीचा एकटीचा शॉट घेऊ द्या." ती थांबली. माहं घेणं होईपर्यंत पाहुण्यांनी पोरीले गाडीत बसवलं अन् दार लागलं.

मले लाज वाटली. चुकलो म्हणलो. मग म्हणलो, "माहा आवाज कापतो, तिचा तेवढा काढून देतो तुले."

"नका कापू," सुचिता म्हणाली. "ती तुमच्याशीच तर बोलली आहे." अन् माह्या हातून माउस घेऊन तिनं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.