खराट्याची काडी

कीर्तनात टाळ घेऊन दोन तास उभं राहिलं की माझे पाय फुगतात. मग मुकुंदवाडीच्या देवळातून घरी येतो तो चपला हातात धरूनच. गल्लीतले हसतात, "बद्रीनाथकाका, चपला बी दमल्या का?" पंचवीस वर्षं माझेच पाय मला हे सांगत आलेत. तरी लेकीच्या वेळी मला ते सुचलं नाही.

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नाही तेव्हा आम्ही गाव सोडून मुकुंदवाडीत आलो. लेक संस्कृती नऊ वर्षांची होती. घरामागच्या टेकडीवर ती पळायला शिकली. टेकडी पोखरून प्लॉट पडले, तशी पुढच्या टेकडीवर जाऊ लागली. एकोणिसाव्या वर्षी वेरूळच्या डोंगरातल्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत तिनं नाव घातलं. पहिल्या तिघींना वर्षभर पुण्यात ठेवून पळण्याचं शिकवणार होते. अट एकच, वय विसाच्या आत. म्हणजे तिला ही एकच खेप.

तिच्या बुटांचे तळ झिजून गुळगुळीत झालेले. मुरमावर घसरायची, पण मागायची नाही. "चालतंय दादा," एवढंच.

गावाकडं बाजाराला जाणाऱ्याजवळ पायाच्या मापाची काडी मोडून द्यायची आमची रीत. काकड्याहून आलो तर ती झोपलेली. खराट्याची एक काडी उपसली, तिच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरली आणि मोडली. पांडुरंगाची शपथ, त्या सकाळी माझ्याइतका सुखी माणूस शहरात नसेल.

पैठण गेटचा बुटांचा दुकानदार काडीकडं बघतच राहिला. "चाचा, बच्ची को लाव ना. शाम को लाव, पाँव फूलता तब. खडे करके नापना पडता."

"आमच्यात काडीवरच चालतं, बाबा."

"पहाड उतरते वक्त अंगूठा आगे ठोकता. एक नंबर बडा लेव."

"सैल बुटात पाय मुरगळतो. काडीबरहुकूम दे."

त्यानं मान हलवली. "नहीं बैठे तो बदल के ले जाव."

बूट बघून पोरीचे डोळे भरले. घालून दारापर्यंत चालली. "बसले ना?" मी विचारलं.

"व्हय दादा. एकदम."

दोन दिवसांनी तिची आई द्वारकाबाई म्हणाली, "अहो, पोरगी लंगडती काय?"

"नवे हायेत. रुळतील," मी म्हणालो आणि टाळ घेऊन देवळात गेलो.

शर्यतीच्या दिवशी घृष्णेश्वराला हात जोडले आणि शेवटच्या उताराच्या पायथ्याशी लिंबूपाणी घेऊन थांबलो. माथ्यावर संस्कृती दुसरी आहे, असं शर्यतवाल्यांचा फोनवर असलेला माणूस ओरडला. पहिली पोरगी गेली. दुसरी, तिसरी गेली. चौथीही गेली. माझ्या हातातलं पाणी कोमट झालं.

मग ती दिसली. अनवाणी, मुरमावरून, बूट हातात धरून. कीर्तन सुटल्यावर मी येतो ना, अगदी तशी.

मला तिथंच सगळं कळलं.

बुटांत कोंबलेले मोजे रक्तानं भिजलेले, दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. ती सातवी आली.

"बोलली का नाहीस गं? त्यानं बदलून दिले असते!"

"तुम्ही लई हौसेनं आणले होते, दादा. वाटलं, पळून पळून सैल होतील."

नखं गळून नवी यायला कितीतरी महिने गेले. दिवाळीच्या आधी मी तिला त्याच दुकानात नेलं, संध्याकाळी, मुकुंदवाडीपासून पायी. दुकानदारानं तिला उभं करून दोन्ही पाय मोजले. उजवा जरा मोठा निघाला, त्याच मापाचे काढले. पुढं अंगठाभर जागा ठेवली, माळ्याच्या जिन्यावरून चारदा उतरायला लावलं. मला त्यानं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तोवर तिचं विसावं सरलं होतं.

आता ती बजाजनगरकडच्या एका कंपनीत लाइनवर असते. आठ तास उभं राहायचं. डोंगराकडं जात नाही. मी विचारत नाही. काल पहाटे मी अंगण झाडत होतो, ती उंबऱ्यावर बसून दिवाळीआधी घेतलेल्या त्याच बुटांच्या नाड्या बांधत होती. कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न देत होती.

"दादा, हे बराबर बसतात बरं का. दिवसभर उभी राहते तरी दुखत नाय."

मी न विचारता सांगितलं तिनं.

"बरं झालं बाई," म्हणालो, आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत खराटा हातात धरून तसाच उभा राहिलो.