नोटीस वाचतानाचा फोटो

तपासणी समिती उद्या येणार, म्हणून भोकरदनच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्र विभागाचा नोटीस बोर्ड आज वर्षातून एकदाचा गजबजला होता. शिपाई कडूबा कपाटातली एकेक नोटीस बोर्डाला टाचायचा, फोटो काढायचा आणि कागद परत फाइलीत ठेवायचा. विभागप्रमुख देशमाने सर खुर्चीतूनच हुकूम सोडत होते.

"अलमास मॅडम, हिच्यापुढं उभ्या राहा. कुणीतरी वाचतंय असं दिसलं पाहिजे."

तासिकेवर शिकवणारी अलमास राजूरहून बसने येऊन नुकतीच टेकली होती. ती निमूट उठून उभी राहिली. एरवी अशा फोटोत ती कागदाकडं नुसती बघायची, आज मात्र तिनं वाचलं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत सहा महिने संशोधनाची संधी होती. विषय तिचाच, पाण्यातलं फ्लोराइड. तासिकेवरच्या शिक्षकांना प्राधान्य होतं आणि विभागात तशी ती एकटीच. शेवटची तारीख उलटून तीन आठवडे झाले होते.

तिनं सरांकडं मान वळवली.

"सर, ही आल्ती तेव्हाच का न्हाई लावली?"

"तेव्हा समिती कुठं येणार होती?" सर सहज म्हणाले.

"मॅडम, हलू नका," कडूबा म्हणाला आणि फोटो निघाला.

मंग सरांनी फोटोखालची ओळ सांगितली आणि टाइप करायला तिलाच बसवलं: 'विभागातील सदस्य उपलब्ध संधीचा लाभ घेताना.'